किचनमधली दुसरी लेव्हल वर नको, खाली करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या शनिवारी आपल्या घराच्या पुरवणीत ओपन किचनवर अख्खं पान होतं, त्यात सहा फोटो आणि सहाही फोटोंमधे तोच दोन लेव्हलचा काउंटर, म्हणजे किचनच्या बाजूला कामाचा ओटा आणि हॉलच्या बाजूला त्याहून सात-आठ इंच उंच अशी फूटभर रुंदीची ग्रॅनाइटची पट्टी, समोर तीन उंच स्टुलं. कोणी त्याला आयलंड म्हणतं कोणी ब्रेकफास्ट काउंटर. सहापैकी एकाही फोटोत माणूस नव्हता, पोळपाट नव्हता, परात तर नाहीच. मी हे पत्र लिहितेय कारण अगदी तसाच काउंटर आमच्या घरात दोन वर्षं होता आणि मागच्या डिसेंबरात आम्ही तो फोडून घेतला, आणि ते फोटो बघून अजून कितीतरी घरात तो बनेल आणि दोन वर्षांनी फुटेल असं मला मनापासून वाटतंय.

आमची कोथरूडमधली जुनी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. जुन्या घरात स्वयंपाकघर वेगळं होतं, छोटं, ओटा ३२ इंच उंच, आणि जेवायचं टेबल पॅसेजमधे कोंबलेलं. नव्या घरात ओपन किचन मिळालं आणि सगळ्यांना आनंदच झाला, मलाही झाला, भाजी परतताना हॉलमधल्यांशी बोलता येणार म्हणून. हॉल आणि किचनच्या मधे साडेपाच फुटांचा काउंटर करायचा असं ठरलं. इंटिरिअरवाल्यांनी कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं, तीन लाइट लटकवलेले, आम्ही हो म्हणून टाकलं. घरात आम्ही दोघं, ८१ वर्षांच्या सासूबाई, आर्किटेक्चरला असलेली मुलगी आणि रोज सकाळी दोन तास पोळ्या-भाकरी करायला येणाऱ्या मावशी. पाच माणसं वापरणार आणि उंची किती हवी हे पाचांपैकी एकालाही कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते विचारायचं असतं हे कुठे माहीत होतं.

खालची लेव्हल ३४ इंच आणि वरची ४२. हे ४२ कुठून आलं ते मुलीनी नंतर सांगितलं. अमेरिकेतल्या किचनमधे कामाचा ओटा साधारण ३६ इंचाचा असतो आणि बारसारखी उंच पट्टी ४२ची, आणि त्या ४२ला सीट ३० इंचावर असलेलं स्टुल लागतं कारण सीट आणि काउंटरच्या मधे मांडीला १०-१२ इंच जागा हवी. तिथल्या माणसांच्या उंचीला आणि तिथल्या कामाला ते माप बसत असेल. आपल्याकडे ओटे ३२-३४ चे का असतात त्यालाही कारण आहे, आपण ओट्यावर शेगडी ठेवतो, ती पाच-सहा इंच वर येते, तिच्यावर कुकर किंवा खोल पातेलं, आणि त्या पातेल्यात वाकून बघावं लागतं. वरण खाली लागतंय का ते वास येण्याआधी बघायचं असेल तर ओटा खालीच हवा. त्यात आपल्या हाताखालचं काम जोराचं आहे, कणीक मळायची, भाकरी थापायची, नारळ खवायचा. सँडविच कापायला जी उंची चालते ती कणकेला चालत नाही.

आता सासूबाईंचं सांगते. त्यांची उंची चार फूट दहा इंच, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पझेशननंतर पहिल्याच सकाळी सगळे त्या काउंटरवर चहाला बसलो तेव्हा त्या स्टुलापाशी येऊन उभ्या राहिल्या, एक हात ग्रॅनाइटवर, एक स्टुलाच्या सीटवर, खालच्या कडीवर पाय ठेवायचा प्रयत्न केला, स्टुल सरकलं, ह्यांनी पटकन धरलं. मग ह्यांनी आणि मी दोन्ही बाजूंनी हात देऊन त्यांना वर बसवलं. पाय अधांतरी. पाठीला टेकू नाही. त्यांनी दोन्ही हातांनी काउंटरची कड घट्ट धरून ठेवली होती त्यामुळे कप उचलायला हात मोकळाच नव्हता, चहा तसाच निवत बसला, आणि मग म्हणाल्या, मला खाली उतरवा गं. त्या दिवसापासून त्यांचा चहा सोफ्यावर. आम्ही तिघं काउंटरवर आणि त्या दहा फुटांवर सोफ्यावर एकट्या, दोन वर्षं. ओपन किचन केलं ते सगळ्यांनी एकत्र असावं म्हणून आणि घरातलं सगळ्यात मोठं माणूसच त्यातून बाहेर गेलं. त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत. मटार सोलायला घेतले की पूर्वी डायनिंग टेबलावर माझ्या समोर बसून सोलायच्या, इथे ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायला लागल्या.

मावशींचं तर मला सांगतानाही वाईट वाटतं कारण ते माझ्या लक्षात यायलाच पाहिजे होतं. त्यांची उंची चार फूट नऊ इंच. पुण्यात हजारो घरांमधे पोळ्या अशाच कोणी ना कोणी मावशी येऊन करतात, सकाळी सहा ते अकरा चार-पाच घरं, घरटी पंधरा-वीस पोळ्या, आणि त्या ज्या ओट्यावर दिवसाचे पाच तास उभ्या असतात तो ओटा बनताना त्यांना कोणी विचारत नाही. ३४ इंचाच्या ओट्यावर पोळपाट ठेवला की अजून दोन इंच वाढतात, झाले ३६. मावशींचं कोपर जमिनीपासून साधारण ३६ वरच येतं. म्हणजे त्या कोपराच्या लेव्हलला पोळी लाटत होत्या, खांदे वर उचलून. तुम्ही एकदा करून बघा, कोपराच्या उंचीवर लाटणं धरलं की अंगाचं वजन लाटण्यावर येतच नाही, सगळा जोर नुसत्या मनगटातून आणि खांद्यातून काढावा लागतो. त्यांनी स्वतःच उपाय शोधला, माळ्यावरचा आमचा जुना जेवणाचा पाट मागितला आणि त्यावर उभं राहून लाटायला लागल्या. मलाही ते सोयीचं वाटलं, कौतुकही केलं मी. एक दिवस फरशीवर तेल सांडलेलं होतं, पाट सटकला आणि त्या तोल जाऊन मागच्या काउंटरवर आपटल्या, हात तव्यावरून थोडक्यात वाचला. कंबरेला मुका मार लागला, चार दिवस घरी होत्या. पगार कापायचा प्रश्नच नव्हता पण बाकीच्या घरांचं काय झालं असेल ते मी विचारलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

त्याच आठवड्यात मी टेप घेऊन घरातल्या सगळ्यांची मापं घेतली.

आधी त्या वरच्या पट्टीबद्दल अजून सांगते कारण फोटोत ती फार देखणी दिसते आणि वापरात काय होतं ते कळत नाही. पट्टी १२ इंच रुंद. आपलं जेवणाचं स्टीलचं ताट १२-१३ इंचाचं असतं. म्हणजे ताट ठेवलं की कड बाहेर, वर पाण्याचा पेला कुठे ठेवणार, आमटीची वाटी कुठे ठेवणार. अमेरिकन नाश्त्याचा बाऊल आणि कॉफीचा मग ठेवायला ती पुरते पण पोळी-भाजी-आमटी-भात-कोशिंबीर असं जेवण तिथे मावत नाही. परात तर नाहीच, १६ इंची परात ठेवायची जागाच नाही. उरलेली खालची लेव्हल दोन फुटांची, तिला समोर भिंतीसारखी ती उभी पट्टी, त्यामुळे काम फक्त एकाच बाजूनी करता येतं. गणपतीत मोदक करताना हे खूप जाणवलं. जुन्या घरात टेबलाभोवती चौघीजणी बसायचो, मधे उकडीचं पातेलं, सारण, ओला फडका, सगळ्यांचा हात पोचायचा, एकीनी पारी करायची, एकीनी कळ्या पाडायच्या. इथे साडेपाच फुटांत तिघी एका रांगेत, शेजारी शेजारी, कोणाचं तोंड कोणाला दिसत नाही आणि नणंद पलीकडच्या बाजूला उंच स्टुलावर बसून नुसती बघतेय कारण तिच्यासमोर ती पट्टी. दिवाळीत करंज्यांना तेच. आपल्याकडे सणाचा स्वयंपाक हा समोरासमोर बसून करायचा असतो, त्यातल्या गप्पा हा त्यातला अर्धा भाग आहे.

आणि तो सांधा! खालचं ग्रॅनाइट आणि उभी पट्टी जिथे मिळते तो कोपरा. कणकेचं पीठ, साखर, तुपाचा हात, सगळं तिथे जाऊन बसतं. पांढरं सिलिकॉन भरलेलं होतं ते सहा महिन्यांत पिवळं आणि वर्षात काळं पडलं. मी दर रविवारी जुना टूथब्रश आणि सोडा घेऊन तो घासायचे आणि तरी पावसाळ्यात मुंग्या तिथूनच निघायच्या. सपाट ओटा एका फडक्यात पुसून होतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण उंच पट्टी सगळीकडे चूक आहे असं माझं म्हणणं नाही. बाणेरला माझ्या मैत्रिणीकडे हॉब, म्हणजे ओट्यातच बसवलेली शेगडी, मधल्या आयलंडवरच आहे, आणि पलीकडे तिची दोन लहान मुलं अभ्यासाला बसतात. तिथे ती पट्टी हवीच. मोहरी तडतडली की फोडणीचे शिंतोडे पट्टीला अडतात, मुलाचा हात गरम कढईपर्यंत पोचत नाही. मासे तळताना तर ती मला म्हणाली की पट्टी नसती तर मी आयलंडवर तळलंच नसतं. सिंक आयलंडवर असेल तरी तेच, खरकट्या भांड्यांचा ढीग हॉलमधल्या पाहुण्यांना दिसत नाही आणि पाणी पलीकडे उडत नाही. मिक्सर, किटलीसाठी प्लगचे पॉइंट त्या उभ्या भागात छान बसतात, सपाट काउंटरला ते खाली ट्रॉलीच्या बाजूला द्यावे लागतात आणि वायर लोंबते. मुलगी पण म्हणायची की उभं राहून लॅपटॉपवर काम करायला ४२ची उंची तिला आवडायची, ती पाच फूट सहा इंच आहे. हे सगळे खरे फायदे आहेत. पण आमच्यासारखं शेगडी आणि सिंक दोन्ही भिंतीकडच्या ओट्यावर असेल आणि मधला काउंटर नुसता चिरायला, लाटायला, वाढायला, बसायला असेल तर त्या पट्टीमागे लपवायचं किंवा अडवायचं काहीच नसतं. मला वाटतं निर्णय इथेच होतो. आधी शेगडी कुठे, सिंक कुठे ते ठरवा, मग लेव्हल ठरवा. आमच्याकडे उलटं झालं, आधी चित्र आवडलं.

मुलगी आर्किटेक्चरला असल्यामुळे तिनी मला एक गोष्ट सांगितली ती माझ्या फार मनात राहिली. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्टला कामगारांच्या घरांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी एक किचन डिझाइन केलं, तशी साधारण दहा हजार किचन्स तिथे बांधली गेली. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची जागा. पण त्यांनी बायका किचनमधे किती पावलं चालतात, कुठलं काम कुठे करतात याचा विचार करून एकेक गोष्ट बसवली, आणि खिडकीखाली कामाची फळी आणि बसून काम करायला फिरतं स्टुल दिलं. शंभर वर्षांपूर्वी! ओट्याशी बसून काम करता यावं हा विचार तेव्हा झाला होता. आणि आपल्याकडे तर त्याच्याही आधीपासून सगळं बसूनच होतं की, विळीवर बसून चिरायचं, पाट्यावर बसून वाटायचं, चुलीसमोर पाटावर बसून भाकरी थापायची. गॅस आला, आपण उभे राहिलो, बरं झालं, धुरातून सुटलो, कंबर सुटली. पण बसून करायची कामं काही संपली नाहीत, शेंगा सोलणं, मेथी निवडणं, लसूण सोलणं, गवारीच्या शिरा काढणं, त्यांना जागा द्यायची राहून गेली.

जागेचंही बोलायला हवं. नॅशनल बिल्डिंग कोडमधे किचन कमीत कमी ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद असावं असं आहे, आणि तिथेच जेवायचं असेल तर ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंद. रीडेव्हलपमेंटच्या फ्लॅटमधली बरीच किचन्स आठ बाय दहाच्या आसपास, म्हणजे त्या दुसऱ्या आकड्याच्या जेमतेम जवळ. आता त्यात आयलंड बसवायचं तर हिशोब करा, भिंतीकडचा ओटा दोन फूट, मधे एका माणसाला नीट वळता यायला साडेतीन फूट, दोघांना एकमेकांमागून जायचं तर चार, मग काउंटर दोन-तीन फूट, आणि पलीकडे स्टुल ओढून बसायला अजून तीन फूट. चारी बाजूंनी मोकळं खरं आयलंड बहुतेक फ्लॅटमधे बसतच नाही, आपण ज्याला आयलंड म्हणतो ते एका बाजूनी भिंतीला चिकटलेलंच असतं, आमचंही तसंच. इतक्या टिचभर जागेत एक फूट रुंदीची पट्टी फक्त दिसायला देऊन टाकणं मला परवडण्यासारखं वाटत नाही. पट्टी काढली की तेच तीन फूट सलग मिळतात.

आम्ही काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर. गवंडी आणि कार्पेंटर दोघांना एकत्र बसवलं, कारण गवंडी म्हणतो ट्रॉल्या आड येतात आणि कार्पेंटर म्हणतो ग्रॅनाइट आड येतं, एकत्र बसवल्याशिवाय ते काम होत नाही. वरची पट्टी ग्राइंडरनी कापून काढली. दोन दिवस सगळं घर पांढरं, देवघरावर चादर, सासूबाईंना नणंदेकडे सोडलं होतं. साडेपाच फुटांपैकी साडेतीन फूट काउंटर ३४ इंचावरच ठेवला पण तीन फूट रुंद आणि सलग, त्यासाठी मोठा स्लॅब घ्यावा लागला कारण ओट्यासाठी जे नेहमीचे कमी रुंदीचे स्लॅब मिळतात त्यात मधे जॉइंट आला असता. हॉलच्या बाजूला खाली १२ इंच मोकळे ठेवले, गुडघे जायला, १५ मिळाले असते तर अजून बरं झालं असतं. तेवढं ग्रॅनाइट हवेत ठेवायचं तर खाली लोखंडी अँगल लागतातच, १८ मिलिमीटरचं ग्रॅनाइट असं बाहेर काढून त्यावर कोणी कोपर टेकून जोर दिला की तडकू शकतं, त्यामुळे मिस्त्री नको म्हणाले तरी हट्ट धरून अँगल घ्या.

आणि उरलेल्या दोन फुटांत दुसरी लेव्हल केली, खाली. ३० इंचावर, साध्या जेवणाच्या टेबलाच्या उंचीची. काढलेली उंच पट्टी साडेपाच फूट लांब होती, तिचे मधोमध दोन तुकडे केले, शेजारी शेजारी लावले, दोन फूट रुंद आणि पावणेतीन फूट लांब टॉप तयार झाला. मधे जॉइंटची रेघ दिसते, दिसू दे, सपाट आहे, हाताला लागत नाही आणि फडकं त्यावरून सरळ जातं. त्याच्या खाली ट्रॉली नाही, पूर्ण मोकळं, त्यामुळे साधी पाठीची खुर्ची आत जाते, सीट अठरा इंचावर असलेली, जी कुठल्याही घरात असते.

त्या खुर्चीवर आता सासूबाई बसतात. पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, दोन्ही हात मोकळे. जानेवारीत मटार आले तेव्हा दोन किलो मटार त्यांनी तिथे बसून सोलले, मी समोर ३४ वर कांदा चिरत होते, आमच्या दोघींच्या डोळ्यांची लेव्हल एक नव्हती पण अंतर दोन फुटांचं होतं आणि त्या मला त्यांच्या माहेरच्या गुऱ्हाळाच्या गोष्टी सांगत होत्या ज्या मी लग्नाला २८ वर्षं झाली तरी ऐकल्या नव्हत्या. शेंगा एका बाजूला, दाणे रोवळीत, मधेच एक-दोन दाणे तोंडात. चहा आता तिथेच, आमच्याबरोबर.

सकाळी त्याच जागी मावशी लाटतात. ३० वर पोळपाट म्हणजे ३२, कोपराच्या चार इंच खाली, खांदे खाली आलेत, मागे वळलं की शेगडी. पहिल्या दिवशी त्या दहा-बारा पोळ्या झाल्यावर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, आज हात दुखत नाहीये." मी म्हटलं, "मावशी, दोन वर्षं रोज दुखत होता का?" त्यावर त्या म्हणाल्या, "सगळीकडेच दुखतो, तुमच्याकडे वेगळं काय सांगायचं." पाट परत माळ्यावर गेला.

स्टुलं फुकट गेली नाहीत. ३० इंचाची सीट ३४च्या काउंटरला चालत नाही, मांडी अडकते, म्हणून फॅब्रिकेटरकडे नेऊन तिन्हीचे पाय खालून आठ इंच कापून घेतले, सीट २२ वर आली, पाय ठेवायची कडी बरोबर घोट्याशी आली, रबरी बूट नवे लावले. मुलगी आणि ह्यांना आता तीच आवडतात. ह्यांची उंची पाच फूट दहा, त्यांना चिरायला ३४ खूप खाली पडतं, कंबर धरते, तर त्यांच्यासाठी तीन इंच उंचीचा पायांचा लाकडी चॉपिंग बोर्ड करून घेतला, तो ठेवला की ३७. उंच माणसासाठी खालची जागा वर आणता येते, एक बोर्ड ठेवला की झालं. बुटक्या माणसासाठी वरची जागा खाली आणता येत नाही, त्याला पाटावर चढावं लागतं आणि पाट सटकतो. म्हणून शंका असेल तर कमी उंचीकडे झुका असं मी सगळ्यांना सांगते.

अंदाज घ्यायचा तर घरच्या घरी घेता येतो. डायनिंग टेबल साधारण ३० इंच असतं. त्यावर जुन्या पेपरचे गठ्ठे ठेवा, एकेक इंच वाढवत न्या, वर प्लायचा तुकडा, त्यावर पोळपाट, आणि घरात ज्या चपला घालता त्या घालून खरोखरची पोळी लाटा, एक नाही, पाच लाटा. एक पोळी कुठल्याही उंचीवर लाटून होते, पाचव्या पोळीला खांदा बोलायला लागतो. चिरायला कोपराच्या चारेक इंच खाली बरं वाटतं, लाटायला-मळायला अजून खाली, सहा-आठ इंच. माझं कोपर ३९ वर आहे, मला चिरायला ३४-३५ आणि मळायला ३२ च्या आसपास. म्हणजे एकाच माणसाला दोन उंच्या लागतात. दोन लेव्हलची कल्पना चुकीची नाहीये, ती फक्त चुकीच्या दिशेनी गेलीये.

आता आपल्याला आणि आपल्या वाचकांना विनंती. पुण्यात सध्या कोथरूड, सहकारनगर, प्रभात रोड, जिकडे बघावं तिकडे रीडेव्हलपमेंट चालू आहे. सोसायटीच्या मीटिंगांमधे कार्पेट एरिया, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी रक्कम, पार्किंग, भाडं यावर तासन् तास बोलणं होतं, व्हायलाच हवं, पण ओट्याची उंची हा शब्द आमच्या सव्वा वर्षाच्या मीटिंगांमधे एकदाही निघाला नाही. सगळ्या फ्लॅटना एकच माप लागतं आणि कडप्प्याच्या उभ्या फळ्या एकदा बसल्या, वर ग्रॅनाइट पडलं की मग फोडाफोडीशिवाय काही बदलता येत नाही. बिल्डरला ३२, ३३, ३४ असे तीन पर्याय देणं जड नाही, फळी कापतानाच दोन इंच कमी-जास्त कापायची असते. मीटिंगला सहसा घरातले पुरुष जातात, त्यांनी एक कागद घरी न्यावा आणि जो रोज स्वयंपाक करतो त्याच्याकडून, मग ती बायको असेल, आई असेल, स्वतः असतील किंवा मावशी असतील, उंची लिहून आणावी, आणि फ्लॅट नंबरप्रमाणे यादी करून ओटे बसायच्या आधी साइटवर द्यावी. सँपल फ्लॅट बघायला जाताना घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्यावं आणि त्या स्टुलावर त्यांना कोणाची मदत न घेता बसायला सांगावं.

आणि आपल्या पुरवणीत यापुढे किचनचे फोटो छापाल तेव्हा खाली एवढंच छापा, ओटा किती इंच, काउंटर किती इंच, आणि तिथे रोज काम करणाऱ्या व्यक्तीची उंची किती. दोन ओळींची जागा लागेल.

माझ्या धाकट्या बहिणीची सिंहगड रोडची बिल्डिंग आता प्लास्टरपर्यंत आलीये, पुढच्या महिन्यात ओटे बसणार आहेत आणि तिच्या चित्रात पण ती ४२ची पट्टी आहे. रविवारी दुपारी आम्ही साइटवर जातोय, ती, तिच्या सासूबाई आणि त्यांच्या पोळ्यावाल्या ताई. ताईंचा तो सुट्टीचा दिवस आहे म्हणून त्यांचे पैसे वेगळे द्यायचे असं बहिणीला सांगितलंय, आणि पोळपाट, टेप आणि प्लायचा तुकडा मी घेऊन येतेय.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे